वारसा आणि हजेरीपट

"सर, वास्तुजतनात आपल्या लोकांना करिअर आहे का?" असा प्रश्न आमच्या कॉलेजातील शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारला, तेव्हा नेहमीच्या मास्तरी सवयीने मी तिला अभ्यासक्रमांची यादी सांगितली. वास्तुशास्त्राची पाच वर्षांची पदवी, मग कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी, मग जतनशास्त्राची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. त्यानंतर पुरातत्त्व खाते, नाही तर खाजगी कचेऱ्या. तिने सगळे वहीत उतरवून घेतले आणि वही मिटून म्हणाली, "माझे वडील वडार आहेत, सर. दगड घडवतात. ते म्हणतात, दगडातनं बाहेर निघावी म्हणून शिकवली, आणि ही परत दगडाकडंच चालली."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी स्वतः या धंद्यात सात वर्षे काढली आहेत. वाडे मोजले आहेत, मंदिरांच्या भिंतींवरची झाडे उपटली आहेत, चुन्याच्या गिलाव्याचे अहवाल लिहिले आहेत. म्हणून हे जे लिहितो आहे ते कुंपणाबाहेर उभे राहून केलेली टीका नव्हे. तो थोडासा कबुलीजबाबही आहे.

प्रथम 'वारसा' हा शब्द घेऊ. वास्तुजतनाचे सगळे शास्त्र या एका शब्दावर उभे आहे. हा आपला वारसा आहे, तो पुढच्या पिढ्यांना द्यायचा आहे, असे प्रत्येक पुस्तिकेच्या पहिल्या पानावर असते. पण वारसा म्हटला की वारस आला, आणि वारस म्हटला की कोण वारस आणि कोण नाही हा प्रश्न आला. आपल्या समाजाला वारशाने काय मिळाले होते? महारकीचे वतन मिळाले होते. बाप वेसकर म्हणून मुलगा वेसकर. ते वतन म्हणजे जमिनीचा एक तुकडा दाखवून पिढ्यान्‌पिढ्या करून घेतलेली वेठ होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते या वारशातून सुटण्यासाठी. अखेर गावकीची कनिष्ठ वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा झाला, त्याच्या नावात साल आहे १९५८. आणि प्राचीन स्मारकांच्या रक्षणाचा जो केंद्रीय कायदा आज देशभर चालतो, त्याचेही साल १९५८ च आहे. एकीकडे वारसा मोडण्यासाठी लढणारे आम्ही, दुसरीकडे वारसा जपण्यासाठी कायदा करणारे सरकार. दोन्ही 'वारसा' एकच नव्हेत हे मला कळते. परंतु ज्या वाड्याच्या दारात आमचे वतन चालले, तो वाडा जतन करताना ही दोन्ही एकाच उंबरठ्यावर येऊन उभी राहतात, हेही मला कळले आहे. ते कसे, ते सांगतो.

साधारण २००३ सालची गोष्ट. मी ज्या कचेरीत होतो तिच्याकडे देशावरच्या एका गावातील सरदारी वाड्याचे काम आले. मोजमाप घेण्यासाठी आम्हां तिघांना पाठवले. महिनाभर फितीने भिंती मोजल्या. देवडी, दोन चौक, सोपा, माजघर, बळद, मुदपाकखाना, देवघर, मागे विहीर. दिंडी दरवाजाच्या बाहेर, डाव्या अंगाला, पायरीच्या खाली एक सपाट काळा दगड होता. मधोमध झिजून खोलगट झालेला. तो कशाचा म्हणून मी गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारले. तो म्हणाला, "वेसकर बसायचा तिथं. रातची भाकर बी तिथंच टाकायचे." माझा आजा आमच्या गावचा वेसकर होता. मी त्या दगडाची लांबीरुंदी घेतली, खोलगट भागाची खोली घेतली आणि नकाशावर लिहिले: 'वेसकराची बसण्याची जागा.'

नकाशे तपासून परत आले तेव्हा त्या शब्दांवर लाल पेन्सिलीची रेघ होती. बाजूला शेरा: वास्तूशी संबंध नाही. मी वरिष्ठांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते, सुसंस्कृत होते, मला कामावर त्यांनीच घेतले होते. त्यांनी शांतपणे समजावले की हा दगड मूळ रचनेचा भाग नाही, तो सुटा आहे, आपण वास्तूचे जतन करतो, गावगाड्याचे नाही. मी म्हटले, देवघरातला चौरंगही सुटाच आहे, तो आपण दाखवला आहे. ते हसले. मी पुढे बोललो नाही. ही माझी कबुली. नोकरी होती, घरी बहिणीचे लग्न ठरले होते, मी गप्प बसलो. दोन वर्षांनी काम पुरे झाले तेव्हा पायऱ्या नव्याने बसवल्या होत्या आणि त्या जागी फुलझाडाची कुंडी होती.

जतनशास्त्र हे तटस्थ तंत्र आहे असे जे आपल्याला शिकवले जाते, ते या कुंडीपाशी येऊन संपते. कोणता दगड वास्तूचा आणि कोणता सुटा, हे ठरवणे तांत्रिक नाही. देव कुठे बसे ते नकाशात येते, माणूस कुठे बसवला जाई ते येत नाही. असा नकाशा खोटा नसतो, पण अर्धा असतो. आणि त्या अर्ध्या नकाशावरून जो वाडा उभा राहतो तो इतिहासातला वाडा नसून आजच्या पांढरपेशा मनाला हवाहवासा वाटणारा वाडा असतो. गुळगुळीत कागदावरच्या महागड्या पुस्तकांत अशा वाड्यांची छायाचित्रे पाहा. चौक रिकामा, ओसरी रिकामी, कोवळे ऊन. चौकात माणूस येऊ नये म्हणून छायाचित्रकाराने पहाटे कॅमेरा लावलेला मी पाहिला आहे.

या विषयाचे मूळ पाहिले तर आश्चर्य वाटते. जुन्या इमारतीला नवी सोंगे देऊ नका, आहे तिची दुरुस्ती करा, हे आधुनिक जतनाचे मूलतत्त्व. १८७७ साली इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने पुरातन इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली तेव्हा ते स्पष्ट मांडले गेले. हा मॉरिस पुढे कट्टर समाजवादी झाला. जुन्या दगडात त्याला दिसत होता तो दगड घडवणाऱ्याचा हात. ज्या कामात माणसाला आनंद होता त्या कामाची खूण म्हणून ती भिंत त्याला मोलाची वाटत होती. हिंदुस्थानात हा विचार साहेबाच्या पेटीतून आला. कर्झनच्या काळात १९०४ चा स्मारक कायदा झाला, पुरातत्त्व खात्याचा प्रमुख जॉन मार्शल याने १९२३ साली जतनाची नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पुढच्या कित्येक पिढ्या तीवर पोसल्या. त्या पुस्तिकेत मॉरिसच्या संस्थेचा दुरुस्तीचा नियम आला. दगड घडवणाऱ्याविषयीची त्याची कळकळ मात्र समुद्रापलीकडेच राहिली. जिथे काम हातांनी करणारा आणि हिशेब डोक्याने ठेवणारा यांची फारकत धर्माने आधीच करून ठेवली होती, त्या देशात ती कळकळ आली नाही याचे कोणाला दुःखही झाले नाही.

चुन्याचेच घ्या. जुन्या दगडी बांधकामात सिमेंट घालू नये, हे आज प्रत्येक विद्यार्थी पहिल्या सहामाहीत शिकतो. सिमेंट कडक असते, ओल आत कोंडते, क्षार दगडात साचतात आणि दगडाचे पापुद्रे निघू लागतात. चुना श्वास घेतो. चुनकळी भट्टीतून निघते, पाण्यात विझते, वाळू आणि विटांच्या सुरकीबरोबर घाणीत मळली जाते. कुठे गूळ, कुठे हिरडा, कुठे बेलफळाचे पाणी. मग भिंतीवर बसल्यावर तो हवेतला वायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो. हे सगळे आज प्रयोगशाळेत सिद्ध झालेले आहे. पण ते ज्ञान प्रयोगशाळेत जन्मले नाही. ते लोणाऱ्यांच्या भट्टीवर, बेलदारांच्या आणि वडारांच्या पालात पिढ्यान्‌पिढ्या साठले. मधल्या काळात सिमेंटने त्यांच्या भट्ट्या विझवल्या, आणि जतन करायला निघालेली पिढी चुना शोधू लागली तेव्हा तिला पुन्हा त्यांच्याच दारात जावे लागले.

आमच्या एका कामावर लोणारी समाजातले सत्तरीचे एक गृहस्थ होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. चुना विझवून ठेवलेल्या हौदाशी ते उकिडवे बसत, बोटाच्या चिमटीत लगदा घेऊन अंगठ्याने रगडत आणि मान हलवत. एकदा त्यांनी एक हौद नाकारला. म्हणाले, "पुरता विझला नाही हा. आत खडे जिते हायेत. भिंतीला लावाल तर फुटंल." काम घाईचे होते, मंत्र्यांची तारीख ठरली होती. साहेबांनी तो चुना लावायला लावला. दीड महिन्यात गिलाव्यावर फुटकुळ्या आल्या आणि त्यांतून पांढरे कण गळू लागले. अहवाल मीच लिहिला. त्यात सदोष सामग्री असा शब्द आला, सल्लागारांनी सुचवलेला उपाय आला. तात्या आले नाहीत. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे 'अकुशल' असे लिहिलेले होते, कारण कुशल कामगाराच्या दराला जे प्रमाणपत्र लागते ते त्यांच्यापाशी नव्हते. ज्याच्या अंगठ्याने शास्त्र तपासले त्याचाच अंगठा महिन्याच्या शेवटी शाईत बुडवून घेतला जाई.

इथे आमच्यातलेच काही मित्र टाळी वाजवतील आणि म्हणतील, म्हणजे परंपरागत कारागिरांना मान द्या, त्यांच्या मुलांना त्याच धंद्यात ठेवा. आता तर ही भाषा सरकारी आणि बिनसरकारी सगळ्याच व्यासपीठांवर ऐकू येते. इनटॅकने २००४ साली स्वीकारलेली सनद पारंपरिक बांधकाम-ज्ञान हा जिवंत वारसा मानते आणि ते ज्ञान बाळगणाऱ्यांच्या बाजूने बोलते. ही सनद त्या मानाने पुढे गेलेली आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. तरी परिसंवादांत ऐकू येणारी एक हळहळ मला सहन होत नाही: कारागिरांची मुले आता धंदा सोडून चालली, ही कला मरणार. अहो, वडाराच्या मुलाने सुतकी खाली ठेवून पाटी उचलली, ही दुःखाची गोष्ट कधीपासून झाली? त्याच्या बापाच्या छातीत दगडाची धूळ आहे, आईच्या पाठीवर बुट्टीचा घट्टा आहे. जात म्हणजे नुसती कामांची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली बजावले. ती उतरंड 'कौशल्य-परंपरा' असे गोड नाव देऊन पुन्हा मांडायची असेल, तर तिला आमचा नकारच असला पाहिजे.

मग चुना मळायचा कोणी? हा प्रश्न टाळून चालणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की दगड घडवणे आणि चुना मळणे हे काम जन्माने मिळणारे नव्हे तर शिकून मिळणारे झाले पाहिजे. त्याची शाळा हवी, तिचे दार कोणाही जातीच्या मुलामुलीला उघडे हवे, आणि ब्राह्मणाच्या मुलानेही तिथे हाताला चुना लागून कातडी सोलवून घ्यावी. त्या शाळेत तात्यांसारखे लोक शिक्षक म्हणून, शिक्षकाच्या पगारावर हवेत. 'प्रात्यक्षिक दाखवायला' एका दुपारपुरते बोलावलेले नकोत. आणि छिन्नीपासून सुरू केलेल्या माणसाला वर चढायला जिना हवा. आजचा जिना आर्किटेक्टच्या टेबलापासून सुरू होतो. हातोडीवाला पन्नास वर्षांनीही हातोडीवालाच राहतो, फार तर मुकादम. काम सर्वांत कमी दराच्या निविदेवर देण्याची आपली रीत ही तर या सगळ्यावरचा कळस: कमी दर भरायचा तो कोणाच्या मजुरीतून कापून, हे सांगायला नको. जोतीराव फुले हे स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, येरवड्याच्या पुलाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. दगड, चुना आणि मजुरीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने शेतकरी-कामकऱ्याची बाजू घेतली हा योगायोग मला वाटत नाही.

दुसरा प्रश्न काय जपायचे याचा. १९९५ साली मुंबईसाठी वारसा वास्तूंची नियमावली झाली, श्रेण्या ठरल्या. २०१८ साली फोर्ट भागातील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारशात गेल्या, २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले गेले. आनंद आहे. पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळी? १९२० च्या दशकातल्या या चाळी, खोली १६० चौरस फुटांची. मुंबईचे कामगार आयुष्य आणि दलित चळवळीचे आयुष्य या खोल्यांत आणि त्यांच्या जिन्यांवर घडले. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच चाळींत दलित पँथरवर दंगल गुदरली. तेव्हा या चाळी वारसा नाहीत काय?

मी हा प्रश्न एका सभेत मोठ्या आवेशाने विचारला होता. सभा संपल्यावर वरळीच्या चाळीतील एक बाई माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही संडासाच्या रांगेत उभे राहिलात का कधी?" मी खाली पाहिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पहिल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा मला त्या बाईंची आठवण झाली. ज्याला त्या खोलीत राहायचे नाही त्याने ती खोली जपण्याचा आग्रह धरणे, हाही एक प्रकारचा वाडेबाजपणाच आहे. चाळ पडावी. पण पडण्यापूर्वी तिचे मोजमाप व्हावे, खोलीत मोरी कुठे, पाळणा कुठे, बाबासाहेबांचा फोटो कोणत्या भिंतीवर, हे उतरवले जावे, आणि ते उतरवणारे त्या चाळीत वाढलेले हात असावेत. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखान्याची जागा पाडली गेली. आपण मोर्चा काढला, तो काढायलाच हवा होता. पण त्या वास्तूचा काटेकोर नकाशा आपल्यापैकी किती जणांनी कधी काढला होता? किल्ल्याच्या एकेका बुरुजाची रेखाटने कपाटांत पडून आहेत आणि आपण आपल्या वास्तूंची नुसती आठवण बाळगून आहोत. वास्तुजतनाचे शिक्षण आपल्या मुलांनी घ्यावे असे मला वाटते त्याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण कार्ल्याला सापडते. तिथल्या चैत्यगृहात दारावर कोरलेला एक लहानसा लेख आहे. धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने हे दार केले, एवढाच त्याचा मजकूर. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख. राजाचे नाव नाही, सुताराचे आहे, बापासकट आणि गावासकट. जुन्नरच्या लेण्यांतील लेखांत वेळूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे येतात. बौद्ध लेण्यांत हात राबवणारा माणूस दगडावर आपले नाव ठेवू शकत होता. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी त्या दाराशी नेतो. तिथून परतताना आपल्या काळातील जीर्णोद्धाराच्या संगमरवरी पाट्या वाचायला सांगतो. मंत्री असतात, अध्यक्ष असतात, देणगीदार असतात, वास्तुतज्ज्ञ असतो. सामी नसतो.

तेव्हा आत जायचे ते भांडायला जायचे. भांडायला हत्यारही या शास्त्रातच आहे. ऑस्ट्रेलियात १९७९ साली झालेल्या बर्रा सनदेने जुन्या जागेचे मोल ठरवताना सौंदर्य, इतिहास आणि शास्त्र यांच्या बरोबरीने सामाजिक मोलही धरले. हे तत्त्व आज आपल्याकडच्या अभ्यासक्रमांतही शिकवले जाते. माझ्या त्या दगडाला सामाजिक मोल होते की नाही? होते. मला २००३ साली हा मुद्दा नेमक्या शब्दांत मांडता आला नाही. शिकलेल्या मुलीला तो मांडता येईल. स्मारकापासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत नियंत्रण घालणारी २०१० ची दुरुस्ती घ्या. गडाखालच्या झोपडीला नवे छप्पर घालण्यासाठी परवानगीचे कागद करणाऱ्या माणसाच्या बाजूने बोलणाराही त्या टेबलाशी कोणी असला पाहिजे.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले. तिला पटले, निदान तसे ती म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत तिचे वडील मला भेटायला कॉलेजात आले. खुर्चीवर बसेनात; मी उठून त्यांना बसवले. हाताच्या बोटांची पेरे जाड झालेली, एक नख काळे. कार्ल्याच्या सुताराची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाले, "सर, पगार महिन्याला मिळतो का हजेरीवर?"

मी खरे ते सांगितले. खाजगी कचेरीत सुरुवातीला मिळते ते घरभाड्यालाही पुरत नाही. पुष्कळदा काम प्रकल्पापुरते असते, प्रकल्प संपला की पुढचा येईपर्यंत घरी बसायचे. खात्यात जागा निघतात, पण त्यांची वाट पाहावी लागते आणि परीक्षा द्याव्या लागतात.

ते थोडा वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले.

"मग ही बी हजेरीच की," ते म्हणाले. "भरू दे फारम. तिला सांगा, हजेरीपटावर नाव नीट लिवून घे म्हणावं."